कागद आत टाकला, आता सापडेल कसा?

"केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेतलं, कपाटं रिकामी करून सगळं स्कॅन केलं, आणि आता तारखेच्या आदल्या रात्री शोधायला बसलं की हवा तो कागद काही सापडत नाही." बेलापूर, वाशी, पनवेल इथले वाचक थोड्याफार फरकाने हीच तक्रार करतात. त्यांत दोन-तीन ज्युनिअर असलेली वकिलांची कार्यालयं आहेत, विकासकाशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या सोसायट्यांचे सचिव आहेत आणि स्वतःची फाइल स्वतः सांभाळणारे पक्षकारही आहेत. त्यांच्या पुढच्या शंकाही ठरलेल्या असतात. सॉफ्टवेअरला मराठी कळतं का? ई-कोर्ट्सवरून काढलेला आदेश चालतो का? वकील बदलला तर फाइल कोणाची?

या शंकांची उत्तरं पुढे क्रमाने दिली आहेत. पण एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. शोधाच्या चौकटीत काय टाइप करायचं याची चिंता आपण फार करतो. कागद आत जाताना त्याची नोंद काय केली, याची फारशी करत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नोंदीला दर कागदामागे एखादं मिनिट लागतं. ते टाळलं की तेच काम तारखेच्या आदल्या रात्री, घाईत करावं लागतं.

आधी ठरवा: तुम्हाला सॉफ्टवेअर हवंच का?

- एक-दोन प्रकरणं असलेला पक्षकार किंवा सोसायटी: सॉफ्टवेअर नको. संगणकावर प्रकरणाचा एक फोल्डर, त्याची दुसऱ्या जागी प्रत आणि सगळ्या कागदांची एक एक्सेल यादी एवढं पुरतं.
- मोजकी चालू प्रकरणं असलेला एकटा वकील: फोल्डर, यादी आणि ई-कोर्ट्सचं मोफत ॲप यांवर काम भागतं. मात्र नावं देण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.
- एकाहून जास्त माणसं एकाच फायलीवर काम करणारं कार्यालय: इथे सॉफ्टवेअरचा खरा उपयोग होतो. कोणी काय बदललं, ताजा मसुदा कोणता, कोणाला काय दिसावं, हे फोल्डरच्या भरवशावर सांभाळता येत नाही.

कागद आत घेण्याचा क्रम

1. मूळ वेगळं काढा. नोंदणीकृत करारनामा, शेअर सर्टिफिकेट, सिडकोचं वाटपपत्र, मूळ धनादेश यांवर पंचिंग करू नका, पेन चालवू नका. स्कॅन झाल्यावर ते कुठल्या कपाटात, कुठल्या पाकिटात ठेवले हे नोंदीत लिहा.
2. ३०० डीपीआयवर स्कॅन करा. मोबाइलने काढलेला तिरका फोटो डोळ्यांना वाचता येतो, अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीला म्हणजे ओसीआरला येत नाही. दस्ताच्या मागच्या बाजूचे शिक्के आणि शेरेही घ्या.
3. एक दस्त, एक पीडीएफ. दोनशे पानांचा गठ्ठा "सोसायटी पेपर्स" या नावाने आत गेला, तर शोध तुम्हाला त्या गठ्ठ्यापर्यंत आणून सोडेल. पुढची दोनशे पानं तुम्हालाच चाळावी लागतील.
4. ओसीआर चालवा आणि तपासा. पीडीएफ उघडून मधला एखादा शब्द निवडता येतो का ते पाहा. येत नसेल तर ते नुसतं चित्र आहे. ई-फायलिंगलाही शोधता येण्याजोगी पीडीएफच लागते.
5. नाव द्या. वर्ष-महिना-दिवस, दस्ताचा प्रकार, कोणाकडून कोणाला, हा क्रम ठेवा. उदाहरणार्थ: "२०२१-०३-०९ नोटीस सोसायटीकडून विकासकास". तारीख दस्तावरची टाका, स्कॅनची नव्हे. वर्ष आधी आलं की फायली आपोआप काळानुसार लागतात.
6. पोचपावती नोटिशीला जोडा. नोटीस एका फायलीत आणि पोस्टाची पावती दुसरीकडे, हा हमखास होणारा गोंधळ आहे. पोस्टाच्या संकेतस्थळावरची बटवड्याची माहिती कायम राहत नाही. बटवडा झाला की लगेच त्या पानाची प्रत काढून नोटिशीखाली ठेवा.

मसुद्यांना "फायनल", "फायनल नवा", "फायनल खरा" अशी नावं देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये आवृत्त्यांची सोय असते, ती वापरा. दाखल झालेली, सही-शिक्क्याची प्रत मात्र वेगळ्या प्रकारात ठेवा, म्हणजे न्यायालयात नेमकं काय गेलं यावर वाद उरत नाही.

नवी मुंबईतल्या मालमत्तेचे दोन पत्ते

इथल्या मालमत्तेच्या कागदांची एक खास अडचण आहे. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. त्यामुळे एकाच तुकड्याला दोन ओळखी आहेत. जुन्या कागदांत "मौजे तुर्भे, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक", तर नव्या कागदांत नोड, सेक्टर आणि प्लॉट. साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडाचा वाद असेल, तर एकाच फायलीत दोन्ही येतात. तुम्ही सेक्टर-प्लॉट टाकून शोधलं, तर सातबारा, फेरफार आणि संपादनाचा निवाडा त्यात येणारच नाहीत.

यासाठी प्रत्येक मालमत्ता-प्रकरणात या नोंदी कायमच्या भरा:

- गाव, सर्व्हे किंवा गट नंबर, हिस्सा नंबर
- नोड, सेक्टर, प्लॉट, इमारत, सदनिका
- दस्त नोंदणीचा क्रमांक आणि वर्ष
- महारेराचा प्रकल्प क्रमांक, असल्यास

दस्त क्रमांकाला विशेष जपा. नोंदणीकृत करारनाम्याच्या पानापानावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का असतो. ठाण्याकडच्या दस्तावर "टनन", पनवेलकडच्या दस्तावर "पवल", पुढे कार्यालयाचा अंक, दस्त क्रमांक, वर्ष आणि पानाचा आकडा. हा शिक्का बहुतेकदा तिरका, फिकट, मजकुरावरच पडलेला असतो, त्यामुळे ओसीआर तो चुकवतं. म्हणून तो हाताने टाइप करा. सूची क्रमांक २ म्हणजे इंडेक्स टू पुन्हा काढायची वेळ आली, तर याच क्रमांकावर काम होतं.

कार्यालयाच्या नावावर भिस्त ठेवू नका. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला आली, पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला. एकाच इमारतीचे कागद काळानुसार ग्रामपंचायत, सिडको आणि महापालिका अशा वेगवेगळ्या नावांखाली सापडतात.

आडनावावर तर अजिबात विसंबू नका. पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत यांपैकी एखादं नाव इथल्या जवळजवळ प्रत्येक फायलीत असतं. क्रमांकाने शोधलं की नेमका कागद मिळतो, आडनावाने शोधलं की निम्मं दप्तर पुढे येतं.

निशाणीचा घोळ

आपल्या दिवाणी न्यायालयांत दाव्यापासून किरकोळ अर्जापर्यंत सगळ्यांना निशाणी क्रमांक पडतो. "निशाणी पाचचा अर्ज" म्हटलं की तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे वकिलांना सांगावं लागत नाही. घोळ होतो तो पुराव्याच्या कागदांचा. दस्त यादीसोबत दाखल होतो, तेव्हा त्याची ओळख यादीवरून असते: निशाणी ३ च्या यादीतला चौथा दस्त, म्हणजे ३/४. साक्षीत तो शाबीत झाला की त्याला स्वतंत्र निशाणी मिळते, समजा ४२. उलटतपासात कोणी ४२ म्हणतं, जुन्या अर्जात ३/४ लिहिलेलं असतं, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच कागद "करारनामा" म्हणून बसलेला असतो.

उपाय साधा आहे. दर दस्ताला तीन रकाने ठेवा: यादीतला क्रमांक, शाबीत झाल्यावरची निशाणी आणि कोणत्या तारखेच्या साक्षीत ती पडली. साक्ष झाली की त्याच संध्याकाळी रोजनामा बघून दुसरा आणि तिसरा रकाना भरा. युक्तिवादाच्या दिवशी तिन्हींपैकी कुठलाही आकडा टाकला तरी कागद समोर येईल.

मराठी शोध कुठे फसतो

*जुने फॉन्ट.* श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले दावे-कैफियती पडद्यावर मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. चाचणी सोपी आहे: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. अगम्य चिन्हं उमटली, तर ती फाइल युनिकोडमध्ये नाही. आत टाकण्याआधी कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार एकदा नजरेखालून घाला. मूळ फाइलही ठेवा.

*ओसीआरची भाषा.* ओसीआरला मराठी निवडा, नुसती हिंदी नको. एकाच पानावर इंग्रजी-मराठी असेल, तर दोन्ही निवडा.

*हस्तलिखित आणि मोडी.* हाताने लिहिलेले जुने फेरफार, पाहणीपत्रकं, मोडीतले दस्त यांच्यावर ओसीआरचा भरवसा धरू नका. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, ते टाइप करून त्याच दस्ताला जोडा. फेरफाराचा क्रमांक, तारीख आणि नावं हाताने नोंदवा. दस्त चित्र म्हणूनच राहिला तरी नोंदीमुळे सापडेल.

*आकडे.* मराठी आणि इंग्रजी आकडे संगणकाला वेगळे दिसतात. सर्व्हे नंबर मराठी आकड्यांत नोंदवला आणि इंग्रजी आकड्यांत शोधला, तर अनेक सॉफ्टवेअर "काहीही आढळले नाही" म्हणून मोकळी होतात. नोंदीच्या रकान्यांसाठी कार्यालयात एकच पद्धत ठरवा.

*दिसायला सारखं, आतून वेगळं.* "ॲड." आणि "अॅड." पडद्यावर बहुधा सारखेच दिसतात. पहिल्यातला "ॲ" हे एक अक्षर आहे, दुसऱ्यात "अ" वर अर्धचंद्र चढवला आहे. संगणकासाठी हे दोन वेगळे शब्द आहेत. "ॲग्रीमेंट", "ॲफिडेव्हिट" यांचंही तेच होतं. कुठल्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर हे ठरतं.

*गावांची नावं.* कोपरखैरणे आणि कोपर खैरणे, बेलापूर आणि बेलापुर, शिवाय दोन्हींची चार प्रकारची इंग्रजी स्पेलिंगं. ही नावं टाइप करू देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये तयार यादी करून त्यातूनच निवडायला लावा. प्रकरणाच्या प्रकाराचंही तसंच आहे: "रे.मु.नं." आणि "आर.सी.एस." एकाच नियमित दिवाणी दाव्याची दोन नावं आहेत.

शोधायचं कसं

समजा खारघरची एक सोसायटी विकासकाविरुद्ध लढते आहे. भोगवटा प्रमाणपत्र अमुक महिन्यापर्यंत देतो, असं विकासकाने एका पत्रात कबूल केल्याचं सचिवांना आठवतं, पण पत्र कुठलं ते आठवत नाही. थेट "भोगवटा" टाइप केलं, तर करारनामा, सभांची इतिवृत्तं, तक्रारअर्ज सगळंच पुढे येईल. त्याऐवजी असं करा:

1. आधी प्रकरण निवडा. सगळ्या दप्तरात शोधू नका.
2. प्रकार "पत्रव्यवहार" निवडा, पाठवणारा "विकासक".
3. तारखांची मर्यादा घाला. ताबा मिळाल्यापासून तक्रार दाखल होईपर्यंतचा काळ पुरेसा आहे.
4. आता शब्द टाका: भोगवटा. मग ओसी. मग इंग्रजी शब्द. पत्र कुठल्या भाषेत होतं याची खात्री नसते.
5. नेमका वाक्यांश आठवत असेल, तर तो अवतरण चिन्हांत घाला.
6. तरीही नाही सापडलं, तर त्या काळातली पत्रं तारखेने लावून चाळा. चाळण लागल्यावर ती थोडीच उरतात.

सापडल्यावर "विकासकाची कबुली" असा टॅग लावा आणि महत्त्वाचा पान क्रमांक शेऱ्यात लिहा. टॅग मोजकेच असू द्या. प्रत्येक ज्युनिअर मनाला येईल तसे टॅग पाडू लागला, की त्यांचाही उपयोग संपतो.

हल्ली काही सॉफ्टवेअर प्रश्न विचारला की कागद वाचून उत्तर देतात. ते उत्तर नेमकं कुठल्या पानावरून आलं ते उघडून पाहिल्याशिवाय अर्जात उतरवू नका. ज्या मजकुरावर ओसीआर चुकलं आहे, त्यावर आधारलेलं उत्तरही चुकीचंच असणार. पक्षकाराचे कागद अनोळखी मोफत संकेतस्थळावर तर मुळीच चढवू नका.

सरकारी पोर्टलवर शोधताना

जिल्हा न्यायालयांच्या कामकाजाची नोंद ज्या सीआयएस प्रणालीत होते, ती एनआयसीच्या पुणे केंद्राने घडवली आहे. तिची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर सगळ्यांना मोफत दिसते. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो: राज्य आणि जिल्ह्याची चार अक्षरं, न्यायालयाचे दोन अंक, प्रकरणाचे सहा अंक आणि वर्षाचे चार. दाखल क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि सीएनआर हे तीन वेगळे आहेत. तिन्ही लिहून ठेवा.

- जिल्हा चुकवू नका. बेलापूरचं न्यायालय ठाणे जिल्ह्यात दिसतं. खारघर, कामोठे, कळंबोली नवी मुंबईत मानली जात असली, तरी पनवेलचं न्यायालय रायगड जिल्ह्यात शोधायचं.
- निकाली प्रकरणं वेगळी असतात. पक्षकाराच्या नावाने शोधताना "प्रलंबित" निवडलेलं असेल, तर निकाली लागलेलं प्रकरण दिसत नाही. दोन्ही पर्याय पाहा, आणि नावाची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगं करून बघा.
- सगळी प्रकरणं ई-कोर्ट्सवर नसतात. ग्राहक आयोगाची प्रकरणं ई-जागृती पोर्टलवर, महारेराच्या तक्रारी महारेराच्या पोर्टलवर. महारेराचा जुन्या पद्धतीचा प्रकल्प क्रमांक ठाणे जिल्ह्यात "पी५१७" ने आणि रायगडमध्ये "पी५२०" ने सुरू होतो, त्यावरून जिल्हा ओळखता येतो.
- आपोआप येणाऱ्या तारखेवर झोपू नका. सॉफ्टवेअर ई-कोर्ट्सवरून तारीख उचलतं, पण तिथली नोंद उशिरा झाली तर तुमच्याकडेही उशिराच येते. न्यायालयात ऐकलेली तारीख त्याच दिवशी हाताने टाका आणि नंतर पडताळा.

नक्कल आणि मुदती

ई-कोर्ट्सवरून उतरवलेला आदेश माहितीसाठी आहे. ती प्रमाणित प्रत नव्हे. जिथे प्रमाणित नक्कल लागते, तिथे नक्कल अर्ज करावाच लागतो. तो आजच करा, कारण मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ नुसार नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. ते दाखवायला तीन तारखा लागतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि हाती मिळाल्याची. तिन्ही नकलेवरच्या शिक्क्यात असतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या रकान्यांत भरा.

नेहमी लागणाऱ्या मुदती:

- दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील: ३० दिवस, उच्च न्यायालयात: ९० दिवस
- जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात: ४५ दिवस
- महारेराच्या आदेशावर अपिलीय न्यायाधिकरणात: प्रत मिळाल्यापासून ६० दिवस
- धनादेश न वटल्यास: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात फिर्याद

शेवटच्या बाबीत बँकेचा मेमो आणि नोटिशीची पोच या दोन कागदांच्या तारखांवर सगळा हिशेब चालतो. ज्या कागदावर मुदत टांगलेली आहे, त्याची नोंद करतानाच स्मरणसूचना लावा.

व्हॉट्सॲप, ईमेल आणि रेकॉर्डिंग

जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, यावर होता आणि त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण कळीचं ठरलं. त्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं: मूळ उपकरणच हजर करत नसाल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. नमुन्यात फाइलचा हॅशही लिहावा लागतो.

हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी तो बदलतो. बरीच सॉफ्टवेअर फाइल चढवताना ती आकसतात किंवा तिच्यावर ओसीआर चालवतात, आणि मग हॅश जुळत नाही. म्हणून:

1. फाइल जशी मिळाली तशीच "मूळ, हात लावू नये" अशा फोल्डरमध्ये ठेवा.
2. तिचा एसएचए-२५६ हॅश लगेच काढून तारखेसह नोंदवा. विंडोजमधल्या सर्टयुटिल या सोयीने तो निघतो.
3. ओसीआर, कात्री, खुणा हे सगळं दुसऱ्या प्रतीवर करा.
4. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. संभाषण एक्सपोर्ट करून घ्या आणि फोन विकू नका, रीसेट करू नका.

कोणाला काय दिसावं

वकील आणि पक्षकार यांच्यातला व्यवहार गोपनीय आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं बंधन वकिलाच्या कारकुनांवर आणि कर्मचाऱ्यांवरही आहे. तेव्हा:

- प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. एकच पासवर्ड सगळ्या कार्यालयाला नको.
- ज्युनिअर किंवा कारकून काम सोडेल त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा. त्याच्या फोनवरचे ग्रुपही बघा.
- सोसायटीत जुन्या कमिटीकडून नव्या कमिटीकडे दप्तर देताना कागदांच्या यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि पासवर्ड बदला. सोसायटीची फाइल सचिवांच्या खासगी ईमेलवर ठेवू नका.
- आधार, पॅन, वैद्यकीय कागद गरज असेल तिथेच ठेवा. दाखल करायच्या प्रतीवर आधारचे आधीचे आकडे झाका.
- आठवड्यातून एकदा सगळ्याची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघा.

तुमचे हक्क

*पक्षकार म्हणून.* वकिलाचे पैसे बाकी असले, तरी तो तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे. फीची वसुली वकिलाने वेगळ्या मार्गाने करावी. वकील बदलताना लेखी मागणी करा, कागदांची यादी जोडा, पोच घ्या. मूळ कागदांसोबत स्कॅनच्या फायली आणि दाखल झालेल्या अर्जांच्या प्रतीही मागा. तुमच्या प्रकरणातल्या प्रमाणित नकला न्यायालयाकडून तुम्हाला थेट मागता येतात; त्यासाठी जुन्या वकिलाच्या मागे लागायची गरज नाही.

*सॉफ्टवेअरचे ग्राहक म्हणून.* तुम्ही टाकलेले कागद तुमचेच आहेत, हे करारात लिहून घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे. तोवर करारात काय लिहिलं आहे, त्यावरच तुमची भिस्त.

सॉफ्टवेअर घेताना विचारायचे प्रश्न

डेमोला विक्रेत्याचे नमुना कागद पाहू नका, तुमचे न्या; पक्षकाराची नावं-आकडे आधी झाकून घ्या. एक मराठी करारनामा, एक जुना सातबारा, एक श्रीलिपीतला मसुदा, एक इंग्रजी आदेश. मग विचारा:

- मराठी मजकुरात शोध लागतो का? मराठी-इंग्रजी आकडे एकच समजले जातात का?
- मूळ फाइल न आकसता, जशीच्या तशी ठेवता येते का?
- सीएनआर टाकल्यावर तारीख किती वेळाने बदलते?
- कोणी कधी काय उघडलं, याची नोंद राहते का?
- वर्गणी थांबवली, तर सगळे कागद फोल्डरच्या रचनेसह आणि नोंदींसह परत मिळतात का? किती दिवसांत? नुसत्या पीडीएफ मिळाल्या आणि निशाणी-तारखांच्या नोंदी राहिल्या, तर सगळी मेहनत वाया जाते.
- दुसऱ्या वर्षीचा दर काय?

पाचव्या प्रश्नावर विक्रेता चाचरला, तर व्यवहार पुढे नेऊ नका.

सुरुवात कुठून करायची

जुनं सगळं कपाट एका महिन्यात आत घ्यायचा बेत आखू नका. तो अर्ध्यावर सुटतो, आणि अर्धं दप्तर आत, अर्धं बाहेर अशी आणखी वाईट अवस्था होते. नावं देण्याची पद्धत एका पानावर लिहून भिंतीला लावा. आजपासून येणारं प्रत्येक नवं प्रकरण त्याच पद्धतीने आत घ्या. चालू प्रकरणं पुढच्या तारखेच्या क्रमाने घ्या, म्हणजे ज्याची तारीख आधी त्याचं काम आधी. निकाली फायलींची फक्त यादी करा: प्रकरण क्रमांक, पक्षकार, मालमत्तेचे दोन्ही पत्ते आणि गठ्ठा कुठल्या फळीवर आहे ते. अपील किंवा दरखास्त निघाली, तर तेवढी फाइल तेव्हा स्कॅन करा.